देईन किंवा देणार नाही

विश्वासरावांच्या धंद्याला त्या काळी मराठीत नाव नव्हतं. ते लेखक नव्हते, प्रकाशकही नव्हते. पुण्यात तुळशीबागेमागे त्यांची एक खोली होती. तिथे मुलांसाठी लिहिलेली हस्तलिखितं यायची. त्यांतली बरी निवडून ते प्रकाशकांकडे घेऊन जात, भांडत, छापून घेत आणि मग लेखकाला कळवत. मी कॉलेजात असताना आमच्या मराठीच्या बाईंनी त्यांची ओळख करून दिली होती. लग्नानंतर अरविंदला बंगळूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही राजाजीनगरला आलो, तेव्हा त्यांचं पत्र आलं. 'मला मुलांची पुस्तकं वाचणारं माणूस हवं आहे. पंडित पुष्कळ आहेत. ज्याच्या घरात मूल आहे आणि चूल आहे असं माणूस नाही.'

त्या पत्रात त्यांना काय हवं ते सगळं होतं. मुलाला काय हवं आहे ते पहिल्या चार पानांत कळलं पाहिजे. ते मोठ्या माणसांनी मिळवून दिलं तर गोष्ट परत पाठव. बोध सापडला तर त्याचं पान कळव, म्हणजे मी ते फाडीन. वाचताना दूध उतू गेलं तर तेही पान कळव, तेवढ्यासाठी मी प्रकाशकाच्या पायऱ्या दहा वेळा चढेन. आणि सगळ्यात शेवटी एकच प्रश्न. 'हे तू तुझ्या मुलीच्या हातात देशील का? कारणं नकोत. नुसतं देईन किंवा देणार नाही.'

तेव्हा नीला दोन वर्षांची होती आणि श्री जन्मायचा होता.

मी अकरा हस्तलिखितं वाचली होती. सात वेळा 'देणार नाही' लिहिलं, चार वेळा 'देईन', आणि अलीकडे नीला वाचू लागल्यापासून 'देईन' लिहिलेलं मी खरोखरच तिच्या हातात देत असे. तिच्या शाळेत कन्नड आणि इंग्रजी होतं. मराठी अक्षरं मीच तिला शिकवली, स्वयंपाकघरात, पाटीवर. ती पोट जमिनीला टेकून, पाय हवेत हलवत वाचायची. पाय थांबले की मी समजायची, गोष्ट चांगली आहे.

बारावं हस्तलिखित एकसष्टच्या जानेवारीत आलं. निळ्या पुठ्ठ्याच्या तीन शाळकरी वह्या. सोबत विश्वासरावांची चिठ्ठी, 'लेखिका तुझ्याच गावची निघाली. बळेपेठ. वय अडुसष्ट. भाषा तिकडची आहे, तिला हात लावू नकोस. बाकी तुझं तू बघ. सुधारणा सुचवायची तर भेटायलाही हरकत नाही.'

नाव होतं कृष्णाबाई. त्यांच्या घराण्यातले लोक म्हणे शहाजीराजांच्या वेळेपासून इकडे होते. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं की कुठलं पाणी कुठलं ते सांगता येऊ नये.

गोष्ट वेणू आणि तिचा धाकटा भाऊ किट्टू यांची होती. तळ्याकाठचं घर. किट्टूला तळ्यातलं एक कासव घरी आणायचं असतं, आणि वेणूला तो बुडू नये एवढंच हवं असतं. पहिल्या चार पानांत. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले होते. पाच प्रकरणं झाली तेव्हा कळलं की कुकरखालचा स्टोव्ह विझलाय आणि मला ते ऐकूच आलं नाही. सहाव्या प्रकरणात किट्टूला ताप येतो. घसा सुजतो. चौथ्या दिवशी तो जातो. दुसऱ्या दिवशी त्याची आई नेहमीसारखे तांदूळ काढते, माणशी एक मूठ, आणि हात थांबत नाही म्हणून त्याचीही मूठ काढते.

तिथे मी उदबत्तीची काडी घातली आणि वही मिटली.

श्री सव्वादोन वर्षांचा होता. घटसर्प. एकोणसाठच्या फेब्रुवारीत, गुरुवारी. तो आजारी पडल्यापासून नीलाला आम्ही समोरच्या विमलाबाईंकडे ठेवलं होतं, लागण होऊ नये म्हणून. आठव्या दिवशी तिला घरी आणलं. ती आत आली, पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं.

"श्री कुठाय?"

अरविंद म्हणाले, "मिरजेला गेलाय. आजीकडे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ती साडेपाच वर्षांची होती. सगळे म्हणाले, मुलांना असंच सांगतात, विसरतात ती. सासूबाईंना आम्ही कळवलं की पत्रात श्रीचं नाव काढू नका. त्याचे कपडे देऊन टाकले, फोटो ट्रंकेत तळाशी गेला. नीला काही आठवडे विचारत राहिली. मग थांबली. मी मनाशी म्हटलं, विसरली. दर रविवारी मी तिला खिडकीशी उभं करून बॅटरीच्या उजेडात तिचा घसा बघायची. पुढे पुढे ती मी बॅटरी घेतली की न सांगताच तोंड उघडायची.

वह्या आठ दिवस टेबलावर पडून होत्या. 'देणार नाही' हे दोन शब्द लिहायला एक मिनिट लागलं असतं. पण पहिली पाच प्रकरणं तशी नव्हती. असं काही मी त्या अकरांत वाचलं नव्हतं. मग मला मार्ग सुचला. किट्टूला मरायची गरज काय? तापातून उठल्यावर त्याला हवापालटासाठी मामाच्या गावाला पाठवावं. दिवाळीला परत आणावं. कासव त्याची वाट बघतंय. एवढं बदललं की मी 'देईन' लिहिणार होते. मी कृष्णाबाईंना कार्ड टाकलं आणि बुधवारी नीला शाळेत गेल्यावर बस पकडली. किल्ली विमलाबाईंकडे ठेवली.

बळेपेठेतलं घर लांबट आणि अंधारं होतं. दारात एक तरुण सून आली, आत वळून म्हणाली, "अक्का, त्या पुण्याच्या बाई आल्यात."

कृष्णाबाई मधल्या चौकात उन्हात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. तिकडे त्याला अवरेकाई म्हणतात. जानेवारीत घरोघरी त्याचाच वास.

"या. राजाजीनगरहून आलात काय? लांब की. स्वल्प कॉफी घ्या आधी."

"कॉफी नको, अक्का."

"नको म्हणायची पद्धत पुण्याची असंल. इथं नाही." त्यांनी सुनेला खूण केली. "वाचलं काय?"

"पाच प्रकरणं दोनदा वाचली. फार सुंदर लिहिलंय तुम्ही."

"आणि बाकीची पाच?"

मी घरून तयारी करून आले होते. मुलांची मनं कोवळी असतात, प्रकाशक बिचकतील, आईबाप पुस्तक विकत घेणार नाहीत. मग मामाच्या गावाचं सांगितलं, दिवाळीचं, कासवाचं. त्या ऐकत होत्या. शेंगा सोलणं चालू होतं. डोळ्यांजवळ नेऊन शेंग बघत, मग अंगठ्यानं फोडत.

"मामाच्या गावाला," त्या म्हणाल्या. "आमच्या राघूला तंजावरला पाठवला होता."

"राघू कोण?"

"माझा धाकटा. मी आठ वर्षांची, तो चार. देवी आल्या होत्या त्याला. मला काकूच्या घरी ठेवली होती. परत आले तर तो नाही. आई म्हणाली, तंजावरला आत्याकडे गेला. सरी म्हटलं, बरं म्हटलं." त्यांनी दाणे थाळीत टाकले. "त्याला आवळे फार आवडायचे. मी भरणीत घालून ठेवले. दर वर्षी नवे. तंजावरहून कोण आलं की मी गाडीमागं जाऊन बघायची, आणखी कोण उतरतंय काय."

"किती दिवस?"

"दिवस कुठले, बाई. पाच वर्षं. माझं लग्न झालं तेराव्या वर्षी. तंजावरची झाडून सगळी आली लग्नाला. आत्या आली, तिची पोरं आली, म्हातारा आचारी आला. तो आला नाही. तेव्हा कळलं मला. बोहल्यावर उभी राहून कळलं. रडायला आलं, थांबेचना. सगळे म्हणायला लागले, पोरगी सासरी जाणार म्हणून रडतीय, रडू दे."

सुनेनं कॉफी आणून ठेवली. मी पेला उचलला. भाजत होता, पण खाली ठेवता येईना.

"मग गोष्टीतले तांदूळ? ती मूठ?"

"ते मी केलेलं. आमच्या घरात कोणी मूठ काढली नाही. काढली असंल तर मला दाखवली नाही. ती आई मला हवी होती म्हणून लिहिली." त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. "मुलाला काय हवं ते पहिल्या चार पानांत यायला पाहिजे म्हणून तुमच्या विश्वासरावांनी कळवलं होतं. माझं सहाव्यात आलं. चुकलं काय की."

मी कॉफीचा घोट घेतला.

"पण हे बघा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला बदलायचं असंल तर बदला. पुण्यात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एक तर पिकलाच. अक्षर दिसतंय तोवर छापलेलं बघायचं आहे, एवढंच. मी कागद लिहून देते. मुलाला सांगते, प्राणेशला, तो दौत आणील." मग एकदम 'तुम्ही' सोडून त्यांनी विचारलं, "तुला मुलं किती, बाळ?"

"एक," मी म्हटलं. दोन वर्षं मी असंच सांगत आले होते, बसमध्ये, हळदीकुंकवाला, शाळेच्या फॉर्मवर.

त्यांचे डोळे खरंच अधू असावेत, कारण त्या माझ्याकडे फार जवळून आणि फार वेळ बघत राहिल्या.

"सरी," त्या म्हणाल्या आणि दुसरी शेंग घेतली.

परत येताना तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मुलानं लिहिलेला, खाली कृष्णाबाईंची थरथरती सही. 'सहाव्या प्रकरणापासून पुढे योग्य तो बदल करण्यास माझी हरकत नाही.' म्हणजे आता सगळं माझ्यावर होतं. मॅजेस्टिकला बस बदलायची होती. मी दोन बसा सोडल्या.

घरी पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. दार उघडं. विमलाबाई अंगणातूनच म्हणाल्या, "किल्ली घेऊन गेली ती तीनलाच. खायला दिलं तर नको म्हणाली. अभ्यास आहे म्हणे."

नीला खोलीत जमिनीवर बसली होती. पोटावर पडलेली नव्हती, सरळ बसलेली होती, गणवेशातच. तीनही वह्या तिच्यासमोर एकावर एक नीट रचलेल्या. वर माझी उदबत्तीची काडी.

मला सुचलं ते एवढंच, "तुला कोणी सांगितलं वाचायला?"

"आठ दिवस झाले, तू दिलंच नाहीस. चांगलं नसेल तर तू लगेच बांधून ठेवतेस." ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "काडी सहाव्यात होती. तू पुढचं वाचलं नाहीस?"

"नाही."

"मी वाचलं. सगळं."

मी दूध स्टोव्हवर ठेवलं. काहीतरी करायला हवं होतं म्हणून. आत येऊन तिच्यासमोर बसले आणि विश्वासरावांचा प्रश्न विचारावा तसा विचारला, "आवडलं?"

"आठव्या प्रकरणात वेणू आईला विचारते, किट्टू कुठे गेला ते नीट सांग म्हणते. तोवर तिला सगळे देवाघरी, देवाघरी म्हणत असतात. मग आई सांगते." तिनं वहीची कड बोटानं सारखी केली. "आई, आजी श्रीचं काहीच लिहीत नाही."

स्टोव्हचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

"चि. नीलास अनेक आशीर्वाद, असं असतं. मग पाऊस असतो. मग शेजारच्यांची म्हैस असते. श्री तिकडे असता तर आजीनं म्हशीच्या आधी त्याचं लिहिलं असतं."

"तू पत्रं कधी वाचलीस?"

"पहिलीत. तुझं ज्ञपर्यंत शिकवून झालं ना, तेव्हा. डब्यातली सगळी वाचली. दोनदा."

म्हणजे दीड वर्ष. दीड वर्ष ती या घरात ते माहीत असून जेवत होती, शाळेत जात होती, दर रविवारी खिडकीशी तोंड उघडून उभी राहत होती.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"आधी विचारायची की." तिनं ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. "मी श्रीचं विचारलं की तू बॅटरी आणायचीस. माझा घसा बघायचीस. मग मी विचारायचं बंद केलं."

मला आठवेना. खरं सांगायचं तर मला अजूनही आठवत नाही. पण ती म्हणाली म्हणजे तसंच झालं असणार. ती माझी मुलगी आहे, बघितलेलं विसरत नाही.

मी सांगितलं. विमलाबाईंकडे ती होती त्या गुरुवारी पहाटे श्री गेला. घशानं. मी त्याच्याजवळ होते, बाबाही होते. तिला भीती वाटेल म्हणून सांगितलं नाही. मग पुढे कधी सांगायचं ते कळलं नाही.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. मग काडी बोटांत फिरवत म्हणाली, "पण नीट माहीत नव्हतं. कधी कधी वाटायचं, आजी विसरत असेल."

"आम्ही सांगायला हवं होतं."

"हो."

ती रडली नाही. मीही नाही, तेव्हा. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली, पाठ भिंतीला लावून, आणि पहिल्या दोन वह्या बाजूला ठेवल्या.

"तुला पुढचं वाचायचंय का? तुला भीती वाटत असेल तर मी मोठ्यानं वाचते."

ती वाचू लागली. कन्नड शब्द आला की ती तो पटकन, घरचा असल्यासारखा म्हणायची. जड मराठी शब्दावर अडखळायची. गोष्टीतली आई रोज एक मूठ जास्त काढायची आणि वेणू ती फडक्यात बांधून तळ्यावर न्यायची, पाणकोंबड्यांना. आठव्यात वेणूनं विचारलं. आईनं तिला तळ्याच्या बांधावर नेऊन जागा दाखवली, कुठे, कशी, कोण कोण होतं. मग दोघी बांधावर बसल्या आणि ती मूठ आईनं स्वतः टाकली. बोध कुठे नव्हता. मी सवयीनं शोधत होते.

मध्येच अरविंद आले. सायकल लावल्याचा आवाज झाला. मग ते हातात डबा घेऊन दारात उभे राहिले. नीलानं मान वर केली नाही. ती नवव्यात होती, किट्टूची पाटी शाळेत कोणी वापरायची यावरून वेणूचं भांडण चाललं होतं. अरविंदनं दोन ओळी ऐकल्या, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. या वेळी खऱ्यासाठी. ते तिथेच उंबऱ्यावर बसले, बूट न काढता.

करपल्याचा वास आला तेव्हा स्टोव्हवर दुधाचा टिपूस उरला नव्हता.

"कुठलं पान?" मी विचारलं.

नीलानं बघितलं. "एकसष्ट. का?"

"लिहायचंय."

जेवायच्या आधी मी टेबलाशी बसले. विश्वासरावांचा कागद काढला. दूध, पान एकसष्ट. भाषेला हात लावलेला नाही. बोध नाही. बदल नको, लेखिकेचा सोबतचा कागद फाडून टाकावा. लेखिकेची नजर अधू होत आहे, तरी या वर्षीच छापावं. मग शेवटचा प्रश्न आला. मी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'हे माझ्या मुलीनं मला दिलं.'

नीला खांद्यावरून वाचत होती. ट्रंक उघडल्याचा आवाज आतून येत होता. अरविंद तळाशी काहीतरी शोधत होते.

"मी कुठे दिलं?" ती म्हणाली. "मी घेतलं. तू टेबलावर ठेवलं होतंस."

ते खरं होतं. मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'माझ्या देण्याची वाट न बघता तिनं घेतलं. पुढे पाठवा.'